वापरलेल्या रायफल-पुंगळ्यांचे प्रायमर पॉकेट : किती साफ करावे, किती कोरावे आणि पुंगळी कधी टाकून द्यावी

उत्तरवारा (धागालेखक)

अमेरिकेत राहून सर्व्हिस रायफलच्या किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या स्पर्धा खेळणारे काही मराठी लोक आता घरीच काडतुसे भरू लागले आहेत, आणि या विभागात त्यांचे प्रश्न अधूनमधून येत असतात. दारूचे वजन, गोळीची निवड, काडतुसाची एकूण लांबी यांवर भरपूर लिहिले जाते. पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडातल्या त्या छोट्या खळग्याकडे, म्हणजे प्रायमर (ठोक्याने पेटून दारू उडवणारी छोटी टोपी) जिथे बसतो त्या प्रायमर पॉकेटकडे, मात्र प्रायमर नीट बसेनासा झाल्याशिवाय सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

आधी कायद्याचे सांगतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची असतील, तर उत्पादकाचा परवाना घ्यावा लागतो. एच-१बी यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतूस दोन्ही जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवावे. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही आडकाठी नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, तेही पाहावेत. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तिथल्या वाचकांनी हा धागा केवळ माहितीसाठी वाचावा.

आता मूळ विषयाकडे येतो. बॉक्सर पद्धतीच्या प्रायमरमध्ये तीन गोष्टी असतात: धातूची वाटी, तिच्या तळाशी दाबून बसवलेले स्फोटक मिश्रण आणि त्यावर टेकलेली छोटी ऐरण. ऐरणीचे पाय वाटीच्या कडेच्या किंचित बाहेर आलेले असतात. प्रायमर पॉकेटमध्ये दाबला की हे पाय पॉकेटच्या तळावर टेकतात, आणखी थोडे दाबल्यावर ऐरण मिश्रणात किंचित रुतते, आणि प्रायमर खऱ्या अर्थाने तयार होतो. पाय तळापर्यंत पोचलेच नाहीत, तर फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आदळणाऱ्या सुईच्या) पहिल्या ठोक्यातली बरीचशी ताकद प्रायमरला पुढे ढकलण्यातच खर्ची पडते. काडतूस उडत नाही, किंवा उशिरा उडते. पुष्कळांना हा प्रायमरचा दोष वाटतो. पण त्याच पुंगळीवर दुसरा ठोका बसला की ती उडते, आणि खरे कारण तिथेच कळते.

याच्या उलट बाजूचा धोका अधिक गंभीर आहे. एआर-१५, एम१ गॅरंड आणि एम१४ या रायफलींमध्ये फायरिंग पिन मोकळी असते, आणि बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग) बंद होताना ती प्रायमरला हलकासा टोला देते. अशा रायफलीतून न उडवता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर बारीक ठिपका दिसतो, तो याच टोल्याचा. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा वर राहिला असेल, तर ट्रिगर न दाबता काडतूस उडण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून प्रायमर बुडाच्या पातळीपासून साधारण ०.००३ ते ०.००५ इंच खाली बसला पाहिजे. हे मी सुचवणी म्हणून लिहीत नाही. या रायफलींसाठी ती अट आहे. प्रत्येक प्रायमरवरून बोट फिरवावे. कडेपाशी बोटाला किंचित खोलगटपणा जाणवला पाहिजे.

पॉकेटची सगळी तयारी या दोन गोष्टींसाठीच आहे: तळ स्वच्छ आणि सपाट असावा, आणि भिंतींनी प्रायमरला घट्ट धरावे. स्मॉल रायफल प्रायमरचा व्यास सुमारे ०.१७५ इंच आणि लार्ज रायफलचा ०.२१० इंच असतो. पॉकेट त्यापेक्षा हजारांश-दोन हजारांश इंचाने लहान असते, आणि तेवढ्याच फरकावर प्रायमर धरून राहतो. कोरण्याच्या कोणत्याही हत्याराला हात घालण्यापूर्वी हा आकडा डोळ्यांसमोर असावा.

माझा क्रम असा आहे. उडवलेल्या पुंगळ्यांतले जुने प्रायमर युनिव्हर्सल डीकॅपिंग डायने (फक्त प्रायमर ढकलून काढणाऱ्या साच्याने) आधीच काढून टाकतो, म्हणजे मळकट पुंगळी साइझिंग डायमध्ये (पुंगळी मूळ मापाला आणणाऱ्या साच्यात) घालावी लागत नाही आणि धुताना पॉकेटही उघडे राहते. मग धुणे, पूर्ण वाळवणे, उजेडात प्रत्येक बूड पाहणे. लष्करी पुंगळी असेल, तर क्रिंप (प्रायमरवर दाबलेली पॉकेटची कड) काढणे. त्यानंतर प्रायमर बसवताना हाताला जे जाणवते, त्यावरून शेवटचा निर्णय. पॉकेट युनिफॉर्मरने तळ एकसारखा करणे आणि फ्लॅश होलची (पॉकेटमधून दारूकडे ज्वाला नेणाऱ्या छिद्राची) आतली कडा साफ करणे ही कामे मी फक्त सहाशे यार्डांसाठी राखून ठेवलेल्या पुंगळ्यांवर करतो, आणि तीही पुंगळीच्या आयुष्यात एकदाच.

फ्लॅश होलबद्दल थोडे अधिक लिहितो. बहुतेक पुंगळ्यांमध्ये हे छिद्र पॉकेटच्या बाजूने ठोकून पाडलेले असते, त्यामुळे आतल्या बाजूला पितळेची कड उभी राहते. कधीकधी ती एखाद्या पाकळीसारखी छिद्रावर वाकलेली दिसते. डीबरिंगचे हत्यार पुंगळीच्या तोंडातून आत घालून ती कड काढता येते. मात्र यातली बरीच हत्यारे किती खोल जायचे हे पुंगळीच्या तोंडावरून ठरवतात, म्हणून सगळ्या पुंगळ्या आधी एकाच लांबीला ट्रिम केलेल्या असाव्यात, नाहीतर एक कमी आणि दुसरी जास्त कोरली जाते. छिद्राचा व्यास वाढवायचा नसतो. तो साधारण ०.०८० इंच असतो, ६.५×४७ लापुआसारख्या काही पुंगळ्यांत तो १.५ मि.मी.च असतो आणि तिथे नेहमीची डीकॅपिंग पिन अडकते किंवा वाकते.

आपापली पद्धत आणि शंका खाली लिहाव्यात.

अबोली_टेक्सास

उत्तम धागा. मी स्टीलच्या पिना घालून पाण्यात पुंगळ्या घुसळते, आणि पॉकेटचा तळ नव्यासारखा निघतो. मग ब्रश किंवा स्क्रेपरने खरवडण्याची गरज उरते का? आणि घरात लहान मुले आहेत. त्या काळ्या थराबद्दल काही काळजी घ्यावी का?

उत्तरवारा (धागालेखक)

अबोलीताई, तुमच्या पद्धतीत वेगळे खरवडण्याची गरज राहत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच पद्धत सर्वांत चांगली आहे. नेहमीच्या प्रायमरमधले मिश्रण लेड स्टिफनेटवर आधारलेले असते आणि उडाल्यावर मागे राहणाऱ्या थरात शिसे, बेरियम आणि अँटिमनीची संयुगे असतात. कोरड्या पॉकेटमध्ये ब्रश फिरवला की तो थर बारीक धूळ होऊन हवेत जातो. कोरड्या टंबलरमधल्या (पुंगळ्या घुसळणाऱ्या यंत्रातल्या) मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशातही ही धूळ साठत जाते, आणि चाळणीने पुंगळ्या वेगळ्या करताना ती सर्वांत जास्त उडते. ते काम घराबाहेरच करावे, हातमोजे घालावेत, टेबल झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावे, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मुलांच्या घरात स्वयंपाकघरातले सिंक, भांडी किंवा टॉवेल या कामासाठी अजिबात वापरू नयेत. धुतलेले गढूळ पाणीही शिसेयुक्त असते. ते बागेत ओतू नये. गावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर ते स्वीकारतात का, ते विचारावे.

पाण्याने धुण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन पिना फ्लॅश होलमध्ये शेजारी-शेजारी अडकून बसतात आणि सहज दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक पॉकेट उजेडासमोर धरून पाहावे. दुसरे म्हणजे ओलावा. पुंगळी बाहेरून कोरडी झाली तरी पॉकेटच्या कोपऱ्यात पाणी राहू शकते, आणि त्यावर बसवलेला प्रायमर निकामी होऊ शकतो. पुंगळ्या पूर्ण वाळू द्याव्यात. ओव्हनमध्ये घाईने तापवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण जास्त तापमानाला बुडाचे पितळ मऊ झाले तर ती पुंगळी वापरण्याच्या लायकीची राहत नाही.

सहाशे_यार्ड

थोडा वेगळा अनुभव मांडतो. बोल्ट रायफलमधून .३०८ खेळताना पॉकेट साफ केलेल्या आणि न केलेल्या पुंगळ्यांमध्ये मला क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा लक्ष्यावर फरक दाखवता आलेला नाही. पॉकेटमधला थर दर फेरीत वाढतच जातो असेही नाही. पुढचा स्फोट जुन्या थराचा काही भाग उडवून नेतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री लोक शंभर पॉकेट चकचकीत करत बसतात आणि पुंगळीच्या मानेवरचा ताण (गोळी धरून ठेवणारी पकड) एकसारखा आहे का ते पाहतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. माझ्या मते वेळ कुठे घालवायचा याचा विचार आधी व्हावा.

उत्तरवारा (धागालेखक)

अचूकतेपुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे. नुसत्या चकाकीने लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट लहान होत नाही. पण साफ करण्याचे माझे कारण वेगळे आहे. थर सगळीकडे सारखा बसत नाही. तळाच्या एका कोपऱ्यात खडा धरला, तर ऐरणीचा एक पाय त्यावर टेकतो, बाकीचे अधांतरी राहतात, आणि प्रायमर तिरका किंवा उंच बसतो. बोल्ट रायफलमध्ये त्याचा परिणाम बहुधा एक फुकट गेलेला ठोका एवढाच. मोकळ्या फायरिंग पिनच्या रायफलमध्ये तोच उंच प्रायमर अपघाताला कारण ठरू शकतो. त्यामुळे बोल्ट रायफलवाल्यांनी दोन-तीन फेऱ्यांतून एकदा साफ केले तरी चालेल, असे मी म्हणेन. एआर किंवा गॅरंडसाठी भरणाऱ्यांनी मात्र दर वेळी तळ पाहिल्याशिवाय प्रायमर बसवू नये. तिथे सीसीआय कंपनीचे ३४ आणि ४१ यांसारखे, लष्करी रायफलींसाठी बनवलेले कमी संवेदनशील प्रायमर मिळतात, तेही वापरावेत. पण कमी संवेदनशील प्रायमर आहे म्हणून उंच बसलेला चालेल, असा अर्थ कोणी काढू नये.

लोहकर्मी

मी टूलरूममध्ये काम करतो, म्हणून क्रिंपवर लिहितो. .२२३ च्या पुंगळ्यांमध्ये सर्वाधिक भेटते ती लेक सिटीची: बुडावर ‘एलसी’, वर्षाचे दोन आकडे आणि वर्तुळातला नाटोचा क्रॉस. मिसूरीतल्या इंडिपेंडन्स इथला हा कारखाना १९४१ पासून अमेरिकी लष्कराची काडतुसे बनवतो. मशिनगनच्या धक्क्याने प्रायमर बाहेर निसटू नये म्हणून पॉकेटच्या कडेचे पितळ प्रायमरवर दाबून दिलेले असते. काही पुंगळ्यांत ही दाब पूर्ण वर्तुळाकार असते, तर काहींत तीन-चार ठिकाणी टोचे मारलेले असतात. जुना प्रायमर जोराने ढकलला की निघतो, पण ती पितळेची कड तशीच आत झुकलेली राहते. नवा प्रायमर तिच्यावर आपटतो, त्याच्या वाटीची बारीक साल निघते, तो चेपतो किंवा तिरका जातो. जोर लावून काम होत नाही. जोर लावला तर प्रायमर हातातच उडू शकतो. प्रायमर बसवताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

कड काढण्याचे दोन मार्ग आहेत. स्वेजिंगमध्ये घासून गुळगुळीत केलेला पोलादी ठोकळा पॉकेटमध्ये दाबतात आणि पितळ मागे ढकलले जाते. धातू निघून जात नाही. रीमिंगमध्ये किंवा चॅम्फर कटरने तो कापून काढतात. मी स्वेजिंगच्या बाजूचा आहे, कारण त्यात पॉकेटची भिंत शाबूत राहण्याची शक्यता अधिक. पण स्वेजिंग करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. बाकावर बसवायच्या स्वेजरमध्ये पुंगळीच्या आत आधाराचा दांडा जातो आणि तो बुडाच्या आतल्या पृष्ठावर टेकतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांच्या बुडाची जाडी सारखी नसते. दांडा पातळ बुडाच्या पुंगळीवर जुळवलेला असेल आणि मध्येच जाड बुडाची आली, तर ठोकळा जास्त खोल जातो आणि पॉकेट फाकते. उलट झाले, तर क्रिंप अर्धवट राहते. म्हणून आधी हेडस्टँपप्रमाणे (बुडावरच्या छापाप्रमाणे) पुंगळ्या वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येक गटासाठी हत्यार नव्याने जुळवावे. ठोकळा आत-बाहेर होताना एकसारखा, बेताचा विरोध जाणवला पाहिजे. झाल्यावर टॉर्चच्या उजेडात पाहिले की कडेला गोलसर, चकचकीत वळण दिसते. तिथे धारदार पायरी दिसली तर काम अपुरे आहे.

कटरच वापरायचा असेल, तर हातात धरून किंवा अगदी मंद गतीने फिरवावा आणि क्रिंप गेली त्या क्षणी थांबावे. ड्रिलमध्ये वेगाने फिरवल्यास कड रुंद होते, आणि पॉकेट लंबगोल होण्याची भीती असते. अशी पुंगळी पुन्हा सुधारता येत नाही.

नायगारा_काठ

मी कॅनडात असतो. एका वृद्ध गृहस्थांकडून ली-एनफिल्ड रायफल घेतली, तिच्याबरोबर काही रिकाम्या .३०३ पुंगळ्या आल्या, आणि त्यांच्या बुडावर ‘के एफ’ असे छापलेले आहे. ही आपल्या पुण्याजवळच्या खडकीची आहेत असे कळले, आणि फार आनंद झाला. या पुन्हा भरता येतील का?

उत्तरवारा (धागालेखक)

‘के एफ’ म्हणजे खडकीच, जुन्या इंग्रजी नावाप्रमाणे किर्की. हा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. पण त्या पुंगळ्या भरण्याचा विचार सोडून द्यावा, असेच सांगेन. तोंडातून टॉर्च मारून तळ पाहा. मधोमध एकच छिद्र दिसले तर ती बॉक्सर. बाजूला दोन बारीक छिद्रे दिसली तर बर्डन. ब्रिटिश नमुन्याची लष्करी .३०३ काडतुसे बहुतेक बर्डन असतात. तिथे ऐरण प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या पितळेतच घडवलेली असते. नेहमीच्या डायमधली पिन थेट त्या ऐरणीवर आदळते आणि मोडते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, एडवर्ड बॉक्सर हे ब्रिटिश लष्करातले अधिकारी आणि हायरम बर्डन हे अमेरिकी. दोघांच्या पद्धती १८६६ च्या सुमाराच्या, पण आज अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुळलेली आहे.

शिवाय जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर क्षार मागे राहतात आणि ओलाव्याने नळी व पुंगळी दोन्हींना खातात. ज्यांत पाऱ्याचे फल्मिनेट वापरले जाई, त्या पुंगळ्यांचे पितळही ठिसूळ होते. इतक्या जुन्या पुंगळ्या आठवण म्हणून कपाटात ठेवा, आणि भरण्यासाठी नव्या बॉक्सर .३०३ पुंगळ्या विकत घ्या.

रंकाळा

मी कोल्हापूरचा. आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून इथे रायफलविषयी खूप कुतूहल आहे. त्या खेळातले नेमबाजही आपल्या पुंगळ्या अशाच तयार करतात का?

सहाशे_यार्ड

नाही. तो खेळ .२२ लाँग रायफलने खेळतात, आणि ते रिमफायर काडतूस आहे. त्याला प्रायमर पॉकेटच नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत फिरवून भरलेले असते, आणि पिन त्या कडेवर आदळते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. ते नेमबाज कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटची काडतुसे आपल्या नळीतून तपासून त्यातला चांगला लॉट निवडतात.

अबोली_टेक्सास

शेवटचा प्रश्न. पॉकेट सैल झाले हे खात्रीने कसे ओळखावे? आणि एखादे काडतूस पूर्ण भरून झाल्यावर प्रायमर उंच राहिला असे दिसले, तर?

उत्तरवारा (धागालेखक)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात विलंब नको. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा कधीही दाबू नये. आत दारू आणि पुढे गोळी आहे. ते काडतूस वेगळे ठेवावे, पुलरने गोळी काढावी, दारू काढून घ्यावी आणि मगच पुढचा विचार करावा.

सैल पॉकेट ओळखायला गो/नो-गो गेज (एक टोक आत जावे, दुसरे जाऊ नये असा मापक) मिळतो. नो-गो टोक आत गेले की ती पुंगळी संपली. गेज नसेल, तर हातात धरायच्या प्रायमिंग टूलवर भरवसा ठेवावा, प्रेसच्या (काडतुसे भरण्याच्या यंत्राच्या) लांब दांड्यावर नको, कारण दांड्याच्या जोरात सैलपणा लपून जातो. चांगल्या पॉकेटमध्ये प्रायमर शेवटपर्यंत विरोध करत जातो आणि तळ लागल्याचे बोटांना स्पष्ट कळते. तो अलगद सरकला, तर ती पुंगळी तिथेच बाजूला काढावी. उडवलेल्या पुंगळीवरही खूण सापडते: प्रायमरभोवती काजळीचे काळे वर्तुळ दिसले, म्हणजे तिथून गॅस निसटला. हा गॅस बोल्टच्या तोंडावर आदळून पोलादात बारीक खड्ड्यांचे वर्तुळ पाडतो, आणि तो बोल्ट दुरुस्त होत नाही.

पॉकेट सैल कशाने होते, तेही पाहिले पाहिजे. क्रिंप काढताना जास्त कोरले नसेल, तर कारण दाबाचे आहे. प्रत्येक वेळी उडताना पुंगळीचे बूड किंचित फाकते. दाब मर्यादेत असेल तर फारच थोडे. त्याच लॉटच्या पुंगळ्या दोन-तीन फेऱ्यांतच सैल पडू लागल्या, तर पितळेला दोष देण्याआधी दारूचे वजन भरण्याच्या अधिकृत पुस्तकाशी पुन्हा ताडून पाहावे आणि ते कमी करावे. ६.५ क्रीडमूरमध्ये स्मॉल रायफल पॉकेटच्या पुंगळ्या अनेकजण पसंत करतात त्यामागचे एक कारण हेच: पॉकेट लहान असल्याने त्याच्याभोवती पितळ अधिक राहते आणि ते उशिरा फाकते. पण तो फायदा दाब वाढवण्यासाठी वापरायचा नसतो.

सैल पॉकेट ठोकून आवळण्याची हत्यारे विकत मिळतात, प्रायमरभोवती रंग किंवा चिकटपट्टी लावण्याचे सल्लेही वाचायला मिळतात. यातले काहीही करू नये. टाकून द्यायच्या पुंगळीचे तोंड लगेच पक्कडीने चेपून टाकावे, म्हणजे ती चुकून पुन्हा चांगल्या पुंगळ्यांत मिसळणार नाही. आणि डबा भरला की भंगारवाल्याकडे पितळेच्या भावाने देऊन टाकावा. उडलेले जुने प्रायमर आणि एखादी न उडलेली पुंगळी त्यात गेलेली नाही ना, हे मात्र देण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे.